नो फर्दर इन्फर्मेशन : घरचा सर्व्हर वाचताना

माइनक्राफ्टच्या सर्व्हरला जोडता आलं नाही, तर खेळणाऱ्याच्या पडद्यावर साधारण दोनपैकी एक वाक्य येतं. एक, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. दुसरं, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. विंडोजवर खेळत असाल तर दोन्हींच्या शेपटाला पुष्कळदा आणखी तीन शब्द असतात, 'नो फर्दर इन्फर्मेशन'. म्हणजे याहून जास्त विचारू नका.

खेळणाऱ्याला ही दोन्ही वाक्यं सारखीच. जुन्या आवृत्त्यांत तीच तपकिरी मातीची पार्श्वभूमी, तेच परत जायचं बटण. सर्व्हर चालवणाऱ्याला मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रिफ्यूज्ड म्हणजे दार वाजवलं आणि आतून कोणीतरी 'इथं कोणी नाही' असं ओरडून सांगितलं. पत्ता बरोबर आहे, यंत्र चालू आहे, वाट मोकळी आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकत बसलेला प्रोग्रॅम नाही. टाइम्ड आउट म्हणजे दार वाजवलं आणि काहीच झालं नाही. घर रिकामं असेल, पत्ता दुसऱ्या गल्लीचा असेल, किंवा तुम्ही ज्याला दार समजून वाजवताय ती भिंत असेल. पहिल्या वाक्यावर दहा मिनिटांत इलाज होतो. दुसऱ्यात माझ्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.

मित्राचा फोन येतो, "कनेक्टच होईना बा." मी विचारतो, रिफ्यूज्ड म्हणतंय की टाइम्ड आउट? तो म्हणतो, "काय की, इंग्लिशमध्ये काहीतरी आलं होतं, मी बंद केलं." हा संवाद वसमत ते हैदराबाद आणि वसमत ते हिंजवडी या दोन्ही मार्गांवर अनेकदा झालेला आहे, आणि पलीकडचा माणूस दोन्ही वेळा संगणकशास्त्राचा पदवीधर होता.

मराठीत गेमबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक व्यसन, डोळे आणि पालक या तीन शब्दांभोवती फिरतं. त्यापलीकडे कोणी गेलंच तर गोष्ट, चित्रं आणि संगीत यांवर बोलतं. नाटकाच्या परीक्षणात शेवटच्या परिच्छेदात 'प्रकाशयोजना अनुरूप' असं एक वाक्य असतं, तेवढीही जागा सर्व्हरला मिळत नाही. माइनक्राफ्टच्या बाबतीत ही मोठी गफलत आहे असं माझं म्हणणं आहे. मार्कुस पेर्सोन या स्वीडिश प्रोग्रॅमरने हा गेम २००९ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, २०११ च्या नोव्हेंबरात त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. या सगळ्या काळात एक गोष्ट टिकली: गेमचा सर्व्हर हा वेगळा प्रोग्रॅम म्हणून कोणालाही फुकट उतरवून घेता येतो आणि स्वतःच्या घरच्या संगणकावर चालवता येतो. म्हणजे या कलाकृतीचा अर्धा भाग प्रेक्षकाच्या घरात, त्याच्या विजेवर, त्याच्या जबाबदारीवर चालतो. तो भाग न वाचता केलेली समीक्षा अर्धीच.

आणि तो वाचायचा असतो, शब्दशः. घरच्या सर्व्हरला चित्र नसतं. काळ्या खिडकीत ओळी उमटत जातात. प्रत्येकीच्या सुरुवातीला वेळ, मग कोणत्या दर्जाची नोंद आहे ते, मग मजकूर. कोण आलं, कोण गेलं, कोण उंचावरून पडून मेलं, कोण लाव्हात पोहायला गेलं. मृत्यूची नोंद आणि मेमरीची नोंद एकाच टाइपात, एकाच सुरात. या लॉगला मी गेमचा सगळ्यात प्रामाणिक भाग मानतो, आणि सगळ्यात वाईट लिहिलेलाही.

उदाहरण म्हणून त्यातली सर्वांत प्रसिद्ध ओळ घेऊ. 'कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?' आणि पुढे, आपण इतके मिलिसेकंद किंवा इतके टिक मागे आहोत. इथं थोडं थांबून टिक म्हणजे काय ते सांगायला हवं. माइनक्राफ्टच्या जगात काळ सलग वाहत नाही, ठोक्यांनी पुढे सरकतो. सेकंदाला २० ठोके, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात सर्व्हरने जगातली प्रत्येक हालचाल हिशेबात घ्यायची असते: पिकं वाढवायची, पाणी वाहवायचं, मेंढ्या हलवायच्या, तुम्ही फोडलेला दगड खरंच फुटला का ते ठरवायचं. जगातला एक दिवस २४,००० ठोक्यांचा, म्हणजे आपल्या घड्याळाने २० मिनिटांचा. यंत्राला ५० मिलिसेकंदांत काम उरकलं नाही तर काळ हळू होतो. ठोके निम्मे झाले तर सूर्य मावळायला दुप्पट वेळ लागतो. आणि सर्व्हर दोन सेकंदांहून जास्त मागे पडला, तर तो ही ओळ लिहितो आणि चुकलेले ठोके सोडून देतो. ते कधीच घडत नाहीत. जुन्या आवृत्तीत ओळीच्या शेवटी 'स्किपिंग' असा स्पष्ट शब्द होता. नव्यात तो गेला, कृती तशीच राहिली. मला जुनं वाक्य जास्त सच्चं वाटतं.

या ओळीतलं प्रश्नचिन्ह मात्र लक्षात घ्या. सर्व्हर स्वतःबद्दलच विचारतोय, माझ्यावर भार जास्त झालाय का? रोगी डॉक्टरला विचारतो तसं. आणि बहुतेक वाचणारे प्रश्नालाच निदान समजतात. उत्तर शोधायला जावं तर सल्ले ठरलेले: मेमरी वाढवा, दिसण्याचं अंतर कमी करा, चांगलं यंत्र घ्या. गेल्या एप्रिलात आमच्या सर्व्हरवर ही ओळ रोज दुपारी यायची. दोनच जण खेळत असायचे. मेमरी निम्मी रिकामी, जावाचा कचरा गोळा करणारा भाग निवांत, डिस्क ठीक. प्रोफायलर लावून पाहिला तर कुठलंही एक काम जड नव्हतं. सगळीच कामं सारखीच संथ झाली होती. रात्री दहानंतर आपोआप सुरळीत. सगळंच सारखं संथ होतं तेव्हा दोष प्रोग्रॅमच्या खाली असतो. प्रोसेसरचं तापमान पाहिलं, शंभरीला टेकलेलं. स्वतःला जळण्यापासून वाचवायला तो वेग कमी करत होता. झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर आणि त्यामागच्या जाळीवर पिवळा थर, बोटाला घट्ट लागणारा.

वसमतमध्ये याचं कोडं कोणालाच पडणार नाही. इथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीपासून हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं चालू होतं आणि आमच्या घरामागच्या शेडमध्ये पॉलिशचं मशीन फिरतं तेव्हा ती धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे बसते. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, ओळ बंद झाली. पप्पांनी एवढंच विचारलं की रात्रंदिवस चालू असणाऱ्या त्या डब्यात हळदीचा दर दिसतो का.

हा किस्सा सांगायचं कारण वेगळं आहे. लॉगची भाषा एक विशिष्ट वाचक गृहीत धरते. त्याची खोली थंड असते, वीज जात नाही, आणि सर्व्हर थकला तर तो खेळणाऱ्यांच्या संख्येनेच थकतो. आमच्याकडे लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखे, दोन दिवे आणि राउटर आहे, संगणक नाही. लाइट गेली की लॉगमध्ये कसलीही नोंद होत नाही. नीट बंद केलेल्या सर्व्हरच्या शेवटी 'स्टॉपिंग सर्व्हर' आणि जग जतन केल्याच्या ओळी असतात. इथं मध्येच, कोणी तरी 'अरे थांब' असं टाइप केल्यावर, पान संपतं. पुढची फाइल वीस मिनिटांनी सुरू होते. जग दर ६,००० ठोक्यांनी, म्हणजे पाच मिनिटांनी आपोआप जतन होतं, त्यामुळे जास्तीत जास्त पाच मिनिटांचा इतिहास पुसला जातो. कोणी त्या पाच मिनिटांत हिरे काढले असतील तर ते पुन्हा दगडात. अशा जागी लॉग वाचायचा तो ओळी नसलेल्या ठिकाणी. सर्व्हरच्या पोटात एक पहारेकरीही आहे: एकच ठोका ६० सेकंदांहून लांबला तर तो सर्व्हर मेला असं समजून स्वतःच बंद करतो, आणि लिहितो की एका ठोक्याला साठ सेकंद लागले, जास्तीत जास्त ०.०५ लागायला हवे होते. या कोरडेपणात नकळत विनोद आहे. मुद्दाम केलेला विनोद मात्र पडतो. गेम कोसळल्यावर जो अहवाल तयार होतो त्याच्या डोक्यावर एक गमतीशीर वाक्य यादृच्छिक निवडून छापलेलं असतं, सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय वगैरे छापाचं. रात्री साडेअकराला, पाच जण फोनवर ताटकळत असताना, ते वाचावं आणि ठरवावं.

तुलनेसाठी काउंटर-स्ट्राइक घेऊ, कारण आमच्या पिढीचं सर्व्हरशिक्षण तिथं झालं. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफवर चढवलेलं ते रूप, पुढे व्हॉल्व्हने घेतलं, आणि २००३ ची १.६ ही आवृत्ती आमच्या होस्टेलला २०१६ मध्येही चालू होती. एकाने 'एसव्ही लॅन १' टाइप करायचं, बाकीच्यांच्या यादीत सर्व्हर दिसायचा. इंटरनेट लागत नव्हतं, स्विच आणि तारा लागत होत्या. इंटरनेटवरून खेळताना मात्र तिथला काळ निराळा वागतो. तुमची गोळी सर्व्हरला पोचेपर्यंत समोरचा हललेला असतो, म्हणून सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो, तुम्ही ट्रिगर दाबलात तेव्हा तो कुठे दिसत होता ते पाहतो आणि मग निकाल देतो. व्हॉल्व्हच्या यान बर्नियरने २००१ मध्ये या युक्तीवर लिहिलेला निबंध आजही वाचनीय आहे. नेमबाजाला न्याय मिळतो आणि मरणाऱ्यावर अन्याय होतो. "मी तर भिंतीमागं आलो होतो!" ही तक्रार खरी असते, आणि तरी तो मेलेला असतो. माइनक्राफ्ट असा भूतकाळात जात नाही. तिथं सर्व्हर मागे पडला तर तुम्ही फोडलेला दगड क्षणभराने पुन्हा उभा राहतो. तुमच्या संगणकाने घाईने मान्य केलेली गोष्ट सर्व्हरने नामंजूर केली. मला ही पद्धत जास्त पसंत आहे. त्यात वाद होत नाही. सगळ्यांनाच एकसारखं मागे खेचलं जातं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि होस्टेलच्या तारा हळूहळू गुंडाळल्या गेल्या. खेळ फोनवर गेला, सर्व्हर कंपनीकडे गेला. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातली सेवा थांबवली. बंदी योग्य की अयोग्य हा मुद्दा बाजूला ठेवू; त्या दिवशी कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये तो प्रोग्रॅम होता आणि खेळ नव्हता. जगभर हा प्रवाह आधीच सुरू झाला होता. क्वेक १९९६ मध्ये आला तेव्हा सर्व्हर खेळणाऱ्यांनी चालवायचा हे गृहीत होतं. २००९ मध्ये कॉल ऑफ ड्युटीच्या मॉडर्न वॉरफेअर २ ने संगणकावरच्या खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवण्याची सोय काढून घेतली, तेव्हा गदारोळ झाला आणि विक्री झालीच. २०२४ च्या मार्चअखेर युबिसॉफ्टने द क्रू या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले, आणि विकत घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाच्या नागरिक-याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

या पार्श्वभूमीवर माइनक्राफ्टचं औदार्य मोठं दिसतं. पण ते पूर्ण नाही. 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये एक ओळ आहे, 'ऑनलाइन मोड'. ती खरी ठेवली तर येणारा प्रत्येक जण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने ओळख पटवतो. ओळख पटवणारं यंत्र कंपनीचं, ते बंद पडलं तर तुमच्या घरातल्या सर्व्हरवर तुमच्या घरातल्या भावालाही येता येत नाही. खोटी ठेवली तर कोणीही कोणाच्याही नावाने येतो, माझ्या नावानेसुद्धा, आणि सर्व्हर त्याला मालक समजतो. विकत घेतलेली ओळख किंवा ओळखच नाही. मधला पर्याय गेमने दिलेला नाही. जोडधंदा म्हणून लोकांनी पासवर्ड विचारणारे प्लगइन लिहिले. आमच्याकडे बारावीतला मावसभाऊ खेळतो, त्याच्याकडे गेम विकत घ्यायला पैसे नाहीत. हा प्रश्न त्याच्यासाठी तात्त्विक नाही.

आता टाइम्ड आउटकडे. पद्धत सोपी आहे, आतून बाहेर जायचं. त्याच यंत्रावरून जोडून पाहा: झालं. घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर: झालं. राउटरमध्ये २५५६५ हे पोर्ट आतल्या यंत्राकडे वळवा आणि बाहेरून पाहा: टाइम्ड आउट. इथून बहुतेक मार्गदर्शक पानं गोल फिरतात. फायरवॉल तपासा, राउटर पुन्हा सुरू करा, पोर्ट नीट लिहिलंय का बघा. वसमतसारख्या गावात पाहायची पहिली गोष्ट निराळी आहे. राउटरच्या स्थिती दाखवणाऱ्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर पोर्टची कितीही खटपट करा, उपयोग नाही.

पूर्वी पत्रावर 'मार्फत' लिहायचे. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचं पत्र घरमालकाच्या नावाने, मार्फत म्हणून यायचं. राउटर घरात हेच करतो: घरातली दहा यंत्रं बाहेर एकाच पत्त्यावर. इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. नंतर आलेल्या सेवादात्यांनी हजारो घरांना मिळून एक पत्ता द्यायला सुरुवात केली, आणि या मधल्या मार्फतीसाठी १००.६४ चा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. म्हणजे आता मार्फतीची मार्फत. तुम्ही पत्र पाठवलंत तर त्याचं उत्तर बरोबर येतं, कारण वहीत नोंद असते. पण बाहेरच्या कोणी आपणहून तुम्हाला पत्र धाडलं, तर वरच्या मालकाला ते कोणाचं हे कळायला मार्ग नाही, आणि तो ते परतही करत नाही. टाकून देतो. म्हणून टाइम्ड आउट. राउटर माझ्या ताब्यात आहे, तो वरचा मालक नाही.

हे सगळं ज्याने आधी पत्ते घेतले त्याच्या घरी घडत नाही. गेम तोच, फाइल तीच, सूचनापत्रक तेच. त्यातलं 'पोर्ट फॉरवर्ड करा' हे वाक्य एका ठिकाणी खरं आणि दुसऱ्या ठिकाणी निरर्थक. माझ्या सेवादात्याच्या माणसाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, यूट्यूब चालतंय ना?" त्याच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे घेणं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. कंपनी विकते ते तेच आहे. पत्ता हवा असेल तर तो वेगळा मागायचा आणि वेगळे पैसे भरायचे, मिळाला तर.

नव्या पद्धतीचे, सहाव्या आवृत्तीचे पत्ते हे खरं उत्तर. ते भरपूर आहेत आणि भारतात त्यांचा वापर अर्ध्याहून जास्त आहे, जगात पुढच्या रांगेत. माझ्या घराला तो मिळतो. हैदराबादच्या मित्राच्या फोनवर मिळतो, त्याच्या कंपनीच्या फ्लॅटमधल्या वायफायवर नाही. त्यामुळे तो मोबाइल डेटावर खेळतो आणि महिन्याच्या शेवटी गायब होतो. उरलेल्यांसाठी मी मुंबईत एक लहानसं भाड्याचं यंत्र घेतलंय. घरचा सर्व्हर त्याला स्वतः जाऊन जोडतो आणि ती तार धरून ठेवतो. बाहेरचे त्या यंत्रावर येतात आणि तारेवरून आत. चालतं छान. फक्त आता घरच्या सर्व्हरला घरचा म्हणायचं की नाही यावर आमच्यात वाद आहे. वसमतमध्येच, दुसऱ्या गल्लीत राहणाऱ्या मित्राने लावलेली वीट माझ्या संगणकापर्यंत मुंबईमार्गे येते.

उघडं दार म्हटल्यावर काय येतं तेही लॉगमध्ये दिसतं. पोर्ट उघडल्यावर पहिल्याच रात्री अनोळखी नावं येऊन गेली. माणसं नव्हेत, इंटरनेटवरचे सगळे पत्ते ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम. 'यू आर नॉट व्हाइटलिस्टेड' असं वाचून ते निघून जातात. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉगफोरजेची फट आठवा: चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर ती लॉगमध्ये लिहिताना ती आज्ञा समजून पाळायचा. नुसती नोंद करणारा कारकून नोंदीतला मजकूर अमलात आणू लागला. २०१६ मध्ये लाखो कॅमेरे आणि राउटर हाताशी धरून मोठमोठी संकेतस्थळं पाडणाऱ्या मिराईचे कर्तेही माइनक्राफ्ट सर्व्हरांच्या धंद्यातूनच आलेले कॉलेजवयीन तरुण होते. चौकोनी मेंढ्यांच्या या गेमच्या तळघरात एवढं सगळं आहे, आणि शाळांमध्ये तो 'सर्जनशीलतेसाठी' शिकवतात.

गेल्या आठवड्यात मावसभावाने विचारलं की तो पुण्याला शिकायला गेल्यावर त्याने बांधलेलं धरण कोण सांभाळणार. सिद्धेश्वरच्या धरणाची नक्कल आहे, दरवाजे उघडतात. मी त्याला 'वर्ल्ड' हे फोल्डर दाखवलं. साडेतीन जीबी. पेनड्राइव्हवर मावतं, आणि कुठल्याही संगणकावर सर्व्हरशेजारी ठेवलं की धरण तिथं उभं. त्याने ते कॉपी करून नेलं. होस्टेलच्या वायफायवर पोर्ट उघडता येतं का, हे तो आता वॉर्डनला विचारणार आहे.